नेहमीप्रमाणे

रात्रपाळीची १० जून झाली होती.

कुणीतरी सेलमध्ये साधं ‘१०-६’ असं टाइप केलं होतं. रात्री दहा ते सकाळी सहा. एक्सेलला ती तारीख वाटली. त्याने परस्पर तिची १० जून २०२५ करून टाकली आणि पोटात ४५८१८ हा आकडा ठेवला, कारण एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० हा पहिला धरून मोजत आणलेले दिवस. शेजारची ‘६-२’ ही सकाळपाळी ६ फेब्रुवारी झाली होती आणि ‘२-१०’ ही दुपारची २ ऑक्टोबर. आठवड्यात सहा रात्री करणाऱ्या माणसाच्या ओळीवर मी भाबडेपणाने बेरीज लावली, तर उत्तर आलं पावणेतीन लाख. आठवड्याचे तास, पावणेतीन लाख! मी आधी हसले. मग लक्षात आलं की या शीटमधून मला त्रेसष्ट माणसांच्या वर्षभराच्या तासांचा हिशेब काढायचा आहे, आणि हसू गेलं.

हे शीट माझ्याकडे वारशाने आलं. आधी ते आमचे जुने सुपरवायझर सांभाळायचे. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. निवृत्त होताना त्यांनी मला फाइल दिली, पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, ‘‘फार काही नाही गं त्यात. नेहमीप्रमाणे आहे सगळं. काही बदललं तरच हात लाव.’’

शीट दिसायला देखणं होतं. एका माणसाची एक ओळ. वर सोम, मंगळ, बुध असे सात कॉलम. रात्रपाळी निळी, दुपारपाळी पिवळी. शेवटच्या कॉलमचं नाव ‘पुनरावृत्ती’, त्यात कुठे ‘दर आठवड्याला’, कुठे ‘एक आठवडाआड’, कुठे ‘पहिला व तिसरा सोमवार’, आणि सगळ्यात जास्त वेळा, जवळजवळ चाळीस ओळींवर, एकच शब्द: ‘नेहमीप्रमाणे’. एका पानावर मावायचं. सर ते प्रिंट काढून भिंतीवर लावायचे. आपलं नाव शोधायचं, बोट आडवं फिरवायचं, आपला वार आला की थांबायचं. ‘उद्या मी कधी यायचं?’ या प्रश्नाचं उत्तर याहून चटकन देणारा कागद मी पाहिलेला नाही. त्यामुळे सरांच्या शीटला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. ते डोळ्यांसाठी बनवलं होतं. बेरजेसाठी बनवलंच नव्हतं.

बेरजेसाठी सरांकडे वेगळी युक्ती होती. आठवड्याचे तास गुणिले चार. झाला महिना.

ही युक्ती इतकी वर्षं चालली याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं, नंतर वाटेनासं झालं. पगार महिन्यावर ठरलेला. तासांचा आकडा रिपोर्टच्या एका कोपऱ्यात असायचा आणि तिथेच असायचा. कुणाचं काही अडत नव्हतं. पण जादा तासांचा मोबदला तासांवर ठरवायचा असं ठरलं, तेव्हा त्या कोपऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या. मग मी साधा हिशेब मांडला. महिन्याचे चार आठवडे, बारा महिन्यांचे अठ्ठेचाळीस. वर्षात असतात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस. म्हणजे दर माणशी चार आठवडे आणि एक दिवस, एवढं काम दरवर्षी कागदावरून नाहीसं होत होतं. काम झालेलं असायचं. माणसं आलेली असायची. फक्त आकड्यात ती नसायची. चाराने गुणून बरोबर उत्तर देणारा महिना एकच, लीप नसलेल्या वर्षातला फेब्रुवारी.

कुणी म्हणालं, मग ४.३३ ने गुणा. बावन्न भागिले बारा. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात, वर्षाच्या बेरजेला ते चालूनही जातं. पण सरासरी महिना कुठल्याच कॅलेंडरात नसतो. मी ऑगस्ट २०२५ घेऊन बसले. एकतीस दिवस, पहिली तारीख शुक्रवारी. त्यामुळे शुक्रवार, शनिवार, रविवार पाच-पाच वेळा आले, बाकीचे वार चार-चार वेळा. आमच्याकडे एकजण सोमवार ते शुक्रवार येतात. त्यांचे दिवस भरले एकवीस, आठ तासांप्रमाणे १६८ तास. दुसरीची सुट्टी मंगळवार-बुधवार. शनिवार-रविवार तिच्याच वाट्याला. तिचे दिवस भरले तेवीस, तास १८४. आठवड्याला दोघंही चाळीसच तास करतात. सरांच्या युक्तीने दोघांचे १६०. ४.३३ ने दोघांचे १७३ आणि थोडे. प्रत्यक्षात दोघांमध्ये सोळा तासांचा फरक, पूर्ण दोन पाळ्यांचा. आठवड्याला सारखं काम करणारी दोन माणसं महिन्याला सारखं काम करत नाहीत, हे मला कागदावर मांडेपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. शनिवार-रविवार काम करणाऱ्या त्या मुलीला मात्र बहुधा जाणवलं असणार.

तेव्हा ठरवलं की आडव्याचं उभं करायचं.

म्हणजे काय, तर एका माणसाच्या ओळीत सात वार आडवे पसरलेले आहेत, ते सोडवून एकाखाली एक लावायचे. ओळीत मोजक्याच गोष्टी: कोण, कुठली तारीख, कधी आला, कधी गेला. सोम, मंगळ, बुध हे शब्द कॉलमच्या डोक्यावर बसले की शीर्षकं वाटायला लागतात, पण ‘बुधवार’ ही ‘रात्रपाळी’इतकीच माहिती आहे. ती डोक्यावरून खाली उतरवून ओळीत आणली की मग तिची मोजणी, गाळणी, बेरीज सगळं करता येतं. हा विचार काही नवा नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती साध्या तक्त्यांमध्ये कशी मांडावी याचा पाया घातला, तेव्हाच त्यांनी दाखवून दिलं होतं की एका घरात एकच गोष्ट असावी, घरात आणखी घरं नसावीत. आमच्या शीटमध्ये घरात घरं होती. एका सेलमध्ये ‘८-१२, ४-८’ असं लिहिलेलं सापडलं: सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मधे घरी. त्याच्यामुळे मला ओळीची व्याख्या बदलावी लागली. आधी मी धरलं होतं की एक ओळ म्हणजे एका माणसाचा एक दिवस. ते टिकलं नाही. एक ओळ म्हणजे एक पाळी. त्या माणसाला एकाच तारखेच्या दोन ओळी द्याव्या लागल्या.

उभं करण्याचं काम एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या माहितीची मांडणी बदलणाऱ्या साधनात दोन क्लिकचं आहे. नावाचा आणि ‘पुनरावृत्ती’चा कॉलम निवडायचा आणि ‘अनपिव्होट अदर कॉलम्स’. मी ते केलं. त्रेसष्ट माणसं, सात वार, म्हणजे ४४१ ओळी यायला हव्यात. आल्या ३५२.

या कामातला खरा भाग इथून पुढचा आहे, म्हणून जरा रेंगाळते.

पॉवर क्वेरी उभं करताना मोकळे सेल गाळून टाकते. विचारत नाही, सांगत नाही, लाल खूण करत नाही. तिचंही चुकत नाही म्हणा. मोकळ्या जागेची ओळ कशी करणार? पण ८९ सेल गेले होते. मी मूळ शीटवर परत गेले आणि प्रत्येक मोकळ्या सेलवर बोट ठेवत बसले. त्यातले एक्कावन्न मोकळे होते कारण त्या दिवशी सुट्टी होती. सर काहींच्या ओळीत ‘ऑफ’ लिहायचे आणि काहींच्या ओळीत नुसतंच सोडून द्यायचे. एकतीस मोकळे दिसत नव्हते, पण होते. ते मर्ज केलेले सेल. सोमवार ते शनिवार एकच लांबलचक निळी पट्टी, मधोमध ‘१०-६’. बघणाऱ्याला सहा रात्री दिसतात. एक्सेलच्या दृष्टीने मात्र सोमवारीच काय ते लिहिलेलं आहे, पुढचे पाच दिवस रिकामे. सहा रात्री जागणारा माणूस हिशेबात एका रात्रीचा मालक.

उरले सात. ते मर्जही नव्हते आणि सुट्टीही वाटत नव्हते. मी सरांना फोन लावला.

‘‘सर, गुरुवारचे तीन आणि रविवारचे चार सेल मोकळे का आहेत?’’

‘‘कुठले? हां, ते. ते रिलीव्हर आहेत गं. दुसरं कोणी नसेल तर येतात.’’

‘‘पण ते शीटमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.’’

‘‘लिहायचं कशाला? मला माहीत होतं ना.’’

मोकळ्या सेलचे तीन अर्थ होते: सुट्टी, डावीकडच्यासारखंच, आणि सरांना विचारा. तिन्ही दिसायला सारखेच पांढरे. मला त्या दिवशी सरांचा थोडा राग आला आणि थोडं वाईटही वाटलं. त्रेसष्ट माणसांचं येणं-जाणं त्यांच्या डोक्यात होतं, शीट म्हणजे फक्त त्याची आठवण करून देणारी गाठ. पदराची गाठ ज्याने मारली त्यालाच ती कशासाठी हे कळतं.

पुढचं संकट त्या शेवटच्या कॉलमचं. ‘एक आठवडाआड’. वाचायला सरळ आहे. पण कुठल्या आठवड्यापासून? हे लिहिलेलं नसेल तर त्या दोन शब्दांची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही तितकीच बरोबर. मी आठवड्याच्या क्रमांकावरून ठरवायचं म्हटलं: विषम आठवडा हिचा, सम आठवडा त्याचा. आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. नीटनेटका नियम. पण त्याच नियमाने काही वर्षांना त्रेपन्न आठवडे येतात. २०२० ला आले होते, २०२६ ला आहेत. त्रेपन्नावा विषम, त्याच्यापुढचा पहिलाही विषम. म्हणजे विषम आठवडा जिच्या नावावर तिने लागोपाठ दोन आठवडे यायचं आणि सम आठवडेवाल्याने दोन आठवडे घरी बसायचं. माझ्या नशिबाने हे मी कागदावर पकडलं, डिसेंबरअखेरीस प्रत्यक्षात नाही. आता प्रत्येक आठवडाआड नियमाला एक सुरुवातीची तारीख आहे. त्या तारखेपासून चौदा-चौदा दिवस मोजायचे, आठवड्याला नंबर काही का असेना.

कॅलेंडरची सॉफ्टवेअरं हा प्रश्न कशी सोडवतात ते मी मग वाचून काढलं. त्यांचं एक सामायिक मानक आहे, आयकॅलेंडर. त्याची १९९८ ची पहिली आवृत्ती २००९ साली आरएफसी ५५४५ या नावाने सुधारून आली. त्यात दर वेळची घटना साठवत नाहीत. एक सुरुवातीची घटना, तिच्यासोबत नियम: रोज की दर आठवड्याला, किती अंतराने, कुठल्या वारी, कधीपर्यंत. शिवाय वगळायच्या तारखांची वेगळी यादी. आणि एखाद्याच दिवशी वेळ बदलली असेल तर मूळ कुठल्या तारखेच्या जागी ही आली, याची खूण. ते वाचताना मला जाणवलं की सरांचं ‘नेहमीप्रमाणे’ याच तीन भागांचं होतं. फक्त नियम भिंतीवर होता, आणि वगळलेल्या तारखा व बदल सरांकडे.

त्या मानकातली एक बारीक गंमत सांगते. एखादं काम दर महिन्याच्या ३१ तारखेला असा नियम लावला, तर ज्या महिन्यात ३१ तारीखच नाही तो महिना सरळ सोडून दिला जातो. वर्षात पाच वेळा. माणसाला विचाराल तर तो म्हणेल, ३१ म्हणजे महिनाअखेर, त्यात काय कळायचंय! आमच्याकडे महिनाअखेरीच्या मोजणीसाठी दोघांना चार तास जादा थांबावं लागतं. नियमात ३१ लिहिलं असतं तर वर्षाच्या पाच महिनाअखेरी हिशेबाबाहेर राहिल्या असत्या.

तर नियम उलगडून तारखा काढल्या. त्रेसष्ट माणसं, बारा महिने, वीस हजारांच्या आत-बाहेर ओळी. पूर्वी एका पानावर मावणारं शीट आता बोटाने सरकवत बसावं असं लांब झालं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हे सोपं केलंस?’’

तासांचं गणित पटकन सांगते, कारण त्यात नवं काही नाही, फक्त प्रत्येकाला एकेकदा ठेच लागते. शेवटातून सुरुवात वजा केली की तास. रात्रपाळीला सहातून बावीस वजा केले की उणे सोळा, आणि उणा वेळ एक्सेल दाखवत नाही, सेलभर चौकटीच्या खुणांची रांग लावतो. उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: उत्तराला मॉड फंक्शन लावून पूर्ण दिवसाने भागलेली बाकी घ्यायची, उणे सोळाचे आठ होतात. मीही तेच केलं आणि निवांत झाले. पण वर्षातून काही वेळा एकजण सकाळी आठला येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुटतो. आठातून आठ गेले शून्य, शून्याची बाकी शून्य. सगळ्यात लांब पाळी करणाऱ्याच्या नावापुढे शून्य तास. म्हणून आता सुरुवात आणि शेवट दोन्हींसोबत तारीख लिहिते. मॉड लागत नाही, शहाणपणाही लागत नाही.

मग बेरीज. ऑगस्टच्या त्या १६८ तासांच्या माणसापुढे ०:०० दिसलं. मी हबकले. १६८ म्हणजे बरोबर सात दिवस. तासांचं साधं फॉरमॅट पूर्ण दिवस गिळून फक्त वरचे तास दाखवतं, आणि वर काहीच नव्हतं. त्या मुलीचे १८४ तिथे १६:०० झाले होते. फॉरमॅटमध्ये तासाच्या अक्षराला चौकोनी कंस घातला की सगळे तास दिसतात. हा कंस मला कुणी आधी सांगितला असता तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती. शेवटी मी फॉरमॅटच्या नादालाच लागणं सोडलं. सगळं मिनिटांत साठवते. आठ तास म्हणजे ४८०. एक्सेलच्या पोटात आठ तास हा एक तृतीयांश दिवस असतो, ०.३३३ असा न संपणारा. असे अपूर्णांक पुष्कळ जमवले की ‘आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त आहेत का’ या प्रश्नावर शेपटाचा एखादा अंक लबाडी करू शकतो. पूर्ण मिनिटांना ती संधी नसते.

या अठ्ठेचाळीसचंही एक मूळ आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलावहिला करार, १९१९ सालचा, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा. त्यात पाळ्यांनी काम करणाऱ्यांसाठी एक सवलत आहे: एखाद्या दिवशी वा आठवड्यात जास्त झाले तरी चालतील, पण तीन आठवड्यांपर्यंतच्या मुदतीत सरासरी आठ आणि अठ्ठेचाळीसच्या आत राहिली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी वह्यांमधून ही सरासरी काढणाऱ्या कारकुनांचं मला खरंच कौतुक वाटतं. भिंतीवरच्या आडव्या कागदावरून ती काढून दाखवा म्हणावं कुणी. उभ्या तक्त्यात ती एका सूत्राची गोष्ट आहे.

महिन्याच्या सीमेवरची रात्र मात्र सूत्राने सुटत नाही. ३१ ला रात्री दहाला आलेला माणूस १ तारखेला सकाळी सहाला सुटतो. दोन तास या महिन्याचे आणि सहा पुढच्या? की पाळी जिथे सुरू झाली तिथेच सगळी? दोन्ही चालतं, एकच धरून राहिलं की झालं. आम्ही सुरुवातीची तारीख धरली आणि तक्त्याच्या वर तसं वाक्य लिहून ठेवलं. जिथे वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढे-मागे करतात, तिथे तर तीच दहा ते सहाची पाळी एका रात्री सात तासांची आणि एका रात्री नऊ तासांची होते. घड्याळातले आकडे तेच, जागरण वेगळं.

आणि एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. जगात तो उगवलाच नव्हता, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये ही चूक होती, आणि लोटसच्या जुन्या फाइली अडू नयेत म्हणून एक्सेलने ती समजून-उमजून तशीच घेतली. आजतागायत आहे. हे कळल्यावर मला सरांचं गुणिले चार जरा आपलंसं वाटलं.

पहिल्या महिन्याचे आकडे मी लावले तेव्हा बारा-पंधरा जण विचारायला आले. त्यातले एक रात्रपाळीचे काका. वर्षानुवर्षं रात्रीच करतात. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक लहान डायरी काढली, कोपरे मऊ पडलेली, आणि माझ्या टेबलावर उघडी ठेवली.

‘‘ताई, माझे चार तास कमी आहेत.’’

‘‘काका, आता सगळं कॉम्प्युटर मोजतो. चूक व्हायची नाही.’’ हे मी खरंच म्हणाले. लिहितानाही लाज वाटते.

‘‘असेल. पण माझ्याकडे एकशे पासष्ट आहेत. तुमच्याकडे एकशे एकसष्ट.’’

त्यांच्या डायरीत प्रत्येक रात्रीची एक ओळ होती. तारीख, आलो, गेलो. शेवटी खाली रेघ आणि बेरीज. नेमकं तेच, जे उभं करायला मला तीन आठवडे लागले होते, ते काका पेन्सिलने कित्येक वर्षं करत होते.

आम्ही ओळ ओळ ताडून पाहिली. बावीस रात्री त्यांच्याही, बावीस माझ्याही. मग मी त्यांचा सेल नीट पाहिला. रात्रीच्या आठ तासांतून अर्ध्या तासाची विश्रांती वजा, म्हणजे साडेसात. काही जणांची पाळी वेळांऐवजी तासांतच भरलेली होती, आणि काकांच्या नियमात तो आकडा ७.३० असा होता. सात पॉइंट तीस. सात तास तीस मिनिटं असं मनात म्हणत कुणीतरी ते लिहिलं होतं, कॉम्प्युटरने ते सात पूर्णांक तीन दशांश असं वाचलं. बावीस वेळा ७.३० म्हणजे १६०.६०. आणि रिपोर्ट करताना मीच ते एकशे साठ तास साठ मिनिटं समजून साठ मिनिटांचा एक तास केला, वर टाकला, १६१. साडेसात बावीस वेळा म्हणजे १६५. दोन चुका एकमेकींच्या हातात हात घालून आल्या, तरी काकांचे चार तास गेलेच.

तासाची साठ मिनिटं बॅबिलोनियातल्या साठाच्या मोजणीतून आली आणि दशांश चिन्ह दहाच्या मोजणीतून. दोघांची गाठ माझ्या शीटमध्ये पडली.

‘‘सापडलं का?’’ काकांनी विचारलं.

‘‘सापडलं. माझंच चुकलं.’’

‘‘चालायचंच.’’ त्यांनी डायरी मिटली, खिशात ठेवली. मग दारापाशी थांबून म्हणाले, ‘‘बाकीच्यांचंही बघा एकदा. सगळे लिहून ठेवत नाहीत.’’

बाकी अकरा जणांचं तसंच निघालं. त्यातल्या नऊ जणांनी काहीच विचारलं नव्हतं.

आता महिन्याचे आकडे लागायच्या आधी मी पाच जणांचे हाताने मोजते, दर वेळी वेगळे पाच. काकांची डायरीही मागून घेते. नियमांचा तक्ता वेगळा आहे, बदलांचा वेगळा: कोण, कुठली तारीख, कुणाच्या जागी, कारण. त्या दोन्हींतून उभा तक्ता तयार होतो. मोकळा सेल कुठेही चालत नाही, असा माझाच कडक नियम. सुट्टी असेल तर ‘सुट्टी’ लिहायचं.

भिंतीवरचा कागद मात्र परत आडवाच झाला. मी एकदा उभ्या तक्त्याची प्रिंट लावून पाहिली होती. चार पानं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी रांग, ‘उद्या मी कधी यायचं?’ तेव्हापासून उभ्या तक्त्यावरून पिव्होट करून, म्हणजे उभ्याचं परत आडवं करून, दर आठवड्याला एक पान काढते. निळी रात्र, पिवळी दुपार, सरांचेच रंग. फरक एवढाच की वर वारासोबत तारीख आहे.

परवा त्या कागदावर पेनाने काढलेला एक बाण दिसला. गुरुवारच्या रात्रीवरून निघून खालच्या ओळीतल्या शनिवारच्या दुपारीवर गेलेला, दोन्ही टोकांना अणकुची. दोघांनी आपापसांत पाळ्या बदलून घेतल्या होत्या. मी टेबलाशी येऊन बदलांच्या तक्त्यात चार ओळी भरल्या, दोघांच्या दोन-दोन. नावं झाली, तारखा झाल्या, कारणाच्या कॉलमशी अडले. विचारायला बाहेर गेले तर दोघंही नुकतेच सुटले होते. परत आले. कर्सर त्या मोकळ्या सेलमध्ये लुकलुकत होता. मी ‘विचारायचं आहे’ असं टाइप केलं आणि फाइल सेव्ह केली.